परसांतील जादा कोंबडे

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली, २१ दिवस लोटले आणि परसांत पिलांची किलबिल सुरू झाली, कीं घरांतील मुलांच्या आनंदास पारावार राहत नाहीं. त्या आनंदांत एक साधें गणित मात्र विसरलें जातें. निघालेल्या पिलांपैकीं सरासरीनें निम्मीं नर असतात. दहा पिलांतून पांच कोंबडे निपजले, तर त्यांचें करावयाचें काय?

अंडीं मिळण्यासाठीं कोंबडा लागतो, ही समजूत निराधार आहे. मादी नरावांचूनहि अंडें देते. तें उबवून पिलूं निघत नाहीं, इतकेंच. पिलें हवीं असल्यास आठ-दहा माद्यांस एक नर पुरतो. नर अधिक झाले कीं माद्यांच्या पाठीवरचीं पिसें उपटलीं जातात, कातडी फाटते आणि नरांची आपसांत झुंज जुंपते. शिवाय एक कोंबडा रोज सुमारें १०० ते १२० ग्रॅम दाणा खातो. म्हणजे वर्षाकांठीं ४० किलोंच्या आसपास.

आरवण्याचा प्रश्न निराळाच. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, अशी म्हण आहे. झांकल्यानें आरवणेंहि थांबत नाहीं. सतत अंधुक उजेडांत ठेवलेले कोंबडेहि पहांटेच्या सुमारासच आरवतात, कारण ती वेळ त्यांस शरीरांतील घड्याळ सांगतें, हें जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. दाट वस्तींत शेजाऱ्यांच्या झोंपेचा विचार म्हणूनच टाळतां येत नाहीं.

तुऱ्याची वाढ व लाली दीड-दोन महिन्यांत, आणि मानेवरचीं टोंकदार पिसें तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत नर ओळखूं देतात. निवड तेव्हांच करावी. निरोगी, शांत, माणसावर धांवून न येणारा नर ठेवावा. पुढें पिलें काढावयाचीं असल्यास तो दुसऱ्या घरच्या नराशीं बदलून घेणें बरें. त्यायोगें भावाबहिणींची जोडी टळते.

उरलेल्यांसाठीं वाटा तीन. पहिली, गरज असलेल्या खेड्यांतील घरीं देणें. मात्र हेतु विचारून, कारण कोंबड्यांची झुंज लावणें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. दुसरी, माद्यांपासून दूर वेगळ्या खुराड्यांत ठेवणें. एकत्र वाढलेले नर तेथें बहुधा सलोख्यानें राहतात, पण दाण्याचा खर्च अनेक वर्षांचा असतो. तिसरी, मांसाहारी घरांत पांच-सहा महिन्यांच्या आंत, मांस चिवट होण्यापूर्वीं, जाणत्या हातानें व क्षणांत कापणें. रानांत किंवा देवळापाशीं सोडून देणें ही दया नव्हे. तेथें कुत्रीं आणि भूक वाट पाहत असतात.

यांपैकीं एकहि वाट न पटल्यास अंडीं उबवूं नयेत. तयार तलंगा आणाव्या. तथापि त्यानें प्रश्न सुटत नाहीं, केवळ दृष्टीआड होतो. अंड्यांसाठीं पाळल्या जाणाऱ्या जातींचीं नर पिलें उबवणी केंद्रांत बहुधा पहिल्याच दिवशीं मारलीं जातात. जर्मनीनें ही प्रथा २०२२ पासून कायद्यानें बंद केली. तात्पर्य, कोंबड्यांचा निर्णय पिलें निघाल्यावर नव्हे, तर अंडीं कोंबडीखालीं ठेवण्यापूर्वींच व्हावयास हवा.