चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाई

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजच्या मठात मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात गदारोळ उठला, हे आपल्याला पाठ आहे. गोष्ट तिथेच संपते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुण्यातला गदारोळ चालू असताना वाँटेजमध्ये दुसरीच धांदल उडाली होती, आणि ती बाईंच्या ख्रिस्ती शिक्षकांची.

मुळात रमाबाई गेल्या होत्या डॉक्टर व्हायला. बोटीचं भाडं 'स्त्रीधर्मनीती'च्या विक्रीतून उभं राहिलं. तिथे गेल्यावर कळलं की कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा रस्ता बंद. मग १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. स्वतः शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं, असा दुहेरी बेत. थोडक्यात, शिक्षक ज्या विद्यार्थिनीला धर्म समजावून सांगणार होते, तिला कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन आधीच 'सरस्वती' ठरवलं होतं.

पहिली चकमक उडाली ती जेवणावरून. धर्म बदलला तरी बाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगही खाईनात. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात ब्राह्मणी अहंकार दिसला. बाईंनी उलट टपाली कळवलं की माझा गर्व तुम्हाला पुडिंगात, दुधालोण्यात, अगदी बुटामोज्यांतही सापडेल. शोधायचा तर खुशाल शोधा! या सिस्टरना रमाबाई प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. भांडणाच्या पत्रव्यवहारातही ही माया सुटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा वाद क्रुसाचा. भारतीय भगिनींच्या क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, असं बाईंनी विचारलं. ती ना त्यांना कळणार, ना त्यांच्या देशबांधवांना. मग संस्कृत का नको? आणि पुढचा सवाल असा, की ब्राह्मण संस्कृतला देववाणी मानतात तसंच तुमचं लॅटिनबद्दल आहे का? ज्या अंधश्रद्धेतून बाईंना बाहेर काढल्याचं समाधान मठाला होतं, तिच्याच खुणा बाईंनी मठात दाखवून दिल्या होत्या.

बिशपांचं प्रकरण तर वरताण होतं. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात गवगवा होईल, तिची किंमत कमी होईल, असं त्यांना वाटलं. रमाबाईंना याचं नवलच वाटलं. माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, मग हे कोण? वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी जे बायकोला आणि लेकीला मोकळेपणाने करू दिलं, ते बिशपांच्या गळी उतरेना.

या सगळ्यात एक व्यक्ती मात्र रमाबाईंना नीट ओळखून होती. ती म्हणजे कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील. त्रैक्याचा सिद्धान्त, कुमारी मातेच्या पोटी जन्म, चर्चचा अधिकार, एकेक मुद्दा घेऊन रमाबाई शंका काढत. मठाच्या दृष्टीने ही अवज्ञा होती. बीलबाई त्याला अभ्यास समजत. त्यांचं म्हणणं, ही तत्त्वज्ञानात वाढलेली बुद्धी आहे. तिच्या शंका ऐकून घ्यायच्या आणि उत्तरं द्यायची, नुसता हुकूम सोडून भागणार नाही. बीलबाईंचं हेच धोरण मला खऱ्या धर्मशिक्षणाचं वाटतं. बाप्तिस्मा टिकला असेल तर त्यात या बाईंचा वाटा मोठा आहे.

कारण तुटायची वेळ अगदी जवळ आली होती. १८८५ मध्ये रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं की भारतीय पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही. मनोरमेला कोणती शिकवण द्यायची यावरूनही ताणाताणी झाली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला निघून गेल्या. इंग्लंडच्या शिक्षकांना वाटलं असेल, विद्यार्थिनी हातची गेली. पण याच विद्यार्थिनीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत ते काम सोडलं नाही.

हे सगळं आपल्याला आज कळतं ते कुणामुळे? तर आजीबाईंमुळेच. आपल्याला खोडून काढणारी पत्रंसुद्धा सिस्टर जेराल्डीन यांनी जपली आणि संकलित केली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत प्रसिद्ध केली, संपादक अ. भि. शहा. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल बरंवाईट मत देण्याआधी ती पत्रं एकदा जरूर वाचा.