लहान मालवाहू मोटारीची निवड : भार आणि रूप

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागले की मायको सर्कल मागे पडल्यावर थोड्याच वेळात सातपूर येते. एके काळी हे गोदाकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली व पुढे येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली. आज या एकाच वसाहतीत महिंद्रचा मोटार कारखाना, सिएटचा टायरचा कारखाना आणि डिझेल इंजिनात इंधन फवारणारे भाग बनविणारा बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, कारखाना आहे. मोटारीचे एवढे अवयव जेथे तयार होतात, त्याच सातपूरच्या आसपासच्या गावांतून पहाटे टोमॅटो, कोबी, कोथिंबीर भरलेल्या लहान मोटारी पंचवटीतील बाजार समितीच्या आवाराकडे निघतात. मोटारीविषयीचे ज्ञान मात्र कारखान्याच्या फाटकातून शिवारापर्यंत पुरेसे पोचलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

गेल्या टोमॅटोच्या हंगामात गिरणारे भागातील एका शेतकरी कुटुंबावर आलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. त्यांच्याकडे पाऊण टन भाराची जुनी लहान गाडी होती. भाव चढा होता म्हणून त्यांनी क्रेटचे चार थर रचले. एकूण चौसष्ट क्रेट झाले. उतारावर ब्रेक दाबला तो लागला, परंतु गाडी थांबेना. चालविणाऱ्या धाकट्या भावाने प्रसंगावधान राखून ती रस्त्याकडेच्या बांधावर घातली. माणसे बचावली, पण निम्म्याहून अधिक माल रस्त्यावर सांडला. दुसरे दिवशी घरात नव्या गाडीचा विषय निघाला. धाकट्याच्या मनात दुहेरी केबिनची, चकचकीत तोंडाची पिकअप होती. "दादा, गाडीचं तोंड तरी बघ, गावात अशी एकही नाही," तो म्हणाला. थोरल्याने उत्तर दिले, "तोंड बघून बैल घेतो का आपण? खांदा बघतो." दोघांच्या बोलण्यात तथ्य होते, ते का, हे पुढे पाहू.

प्रथम भाराचा विचार करू. प्रत्येक मोटारीच्या नोंदणीपत्रावर दोन वजने लिहिलेली असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोहोंतील फरक म्हणजे गाडीची भारक्षमता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रिकाम्या वजनात चालक व त्याचा सोबती धरीत नाहीत. म्हणून भुईकाट्यावर गाडी उभी राहिली की केबिनमधील माणसांचे वजनही भाराच्याच खात्यावर पडते. तीन धडधाकट माणसे बसली तर सुमारे दोन क्विंटल वजन माल न भरताच चढले, हे ध्यानात ठेवावे.

आता चौसष्ट क्रेटचा हिशेब करू. क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो असतो व रिकाम्या क्रेटचे वजन सुमारे दोन किलो भरते. म्हणजे भरलेला एक क्रेट बावीस किलोंचा. चौसष्ट क्रेटचे वजन १,४०८ किलो होते. साडेसातशे किलोंच्या गाडीस चौतीस क्रेट हा माल पुरेसा आहे. क्रेट पावणेदोन फूट लांब व सव्वा फुटाहून किंचित अरुंद असतो. टाटा एसचा हौदा २,२०० मिलिमीटर लांब व १,४९० मिलिमीटर रुंद आहे. त्यात एका थरात सोळा क्रेट बसतात. म्हणजे दोन थर व वर दोन क्रेट झाले की गाडीचे पोट भरले. तिसरा थर चढतो तो गाडीच्या नव्हे, शेतकऱ्याच्या हिमतीवर.

सुट्या कांद्याची गोष्ट याहून उद्बोधक आहे. एक घनमीटर जागेत सुमारे पाचशे ते सहाशे किलो कांदा मावतो. वरील हौद्याच्या फाळक्याची उंची ३०० मिलिमीटर आहे, तेव्हा हौदा सपाट भरला तर पाचशे ते सहाशे किलो कांदा बसतो व गाडी मर्यादेच्या आत राहते. फाळक्याची उंची ठरविताना कारखानदाराने काही विचार केलेला असतो, तो असा. त्याच फाळक्यांवर फळ्या बांधून उंची अडीच फूट केली की सव्वा ते दीड टन कांदा मावतो. हौदा पुरला म्हणजे गाडी पुरली, हा समज येथेच घातक ठरतो.

पालेभाजीचा न्याय उलटा आहे. कोथिंबिरीच्या व मेथीच्या जुड्या जागा फार व्यापतात, वजन थोडे करतात. ज्याचा मुख्य माल पालेभाजी किंवा चारा आहे त्याने टनांचा आकडा न पाहता हौद्याची लांबी पाहावी. कांदा, टोमॅटो व द्राक्षे पिकविणाऱ्याने मात्र आधी आकडा पाहावा व मग लांबी.

बाजारातील गाड्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला पाऊण टनाच्या आसपासचा. टाटा कंपनीने २००५ साली एस ही गाडी आणली आणि आपल्याकडे तिला 'छोटा हत्ती' हे नाव पडले. मारुतीची सुपर कॅरी २०१६ साली आली. तीही याच वर्गातली. दुसरा वर्ग सव्वा ते दीड टनांचा. २०११ सालची अशोक लेलँडची दोस्त सव्वा टन भाराची होती. टाटा इंट्राच्या व्ही ३० या प्रकाराची क्षमता १,३०० व व्ही ५० ची १,५०० किलो आहे. तिसरा वर्ग त्यावरचा. महिंद्रच्या बोलेरो मॅक्स पिकअपचा सर्वांत मोठा प्रकार दोन टन नेतो व त्याचा हौदा ३,०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट, लांब आहे. टाटा योद्धाचा दोन टनांचा प्रकार २०२२ साली आला. एकाच नावाच्या गाडीचे चार-चार प्रकार असतात, म्हणून नाव सांगून गाडी घेऊ नये. नोंदणीपत्रावर कोणती वजने येणार ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. आपण अजूनही या सर्वांना सरसकट 'टेम्पो' म्हणतो. तो शब्द मुळात हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कारखान्याचे व्यापारी नाव होता व बजाज टेम्पोच्या तीनचाकीबरोबर आपल्या भाषेत रुजला.

आता रूपाकडे वळू. धाकट्या भावाला रूपाचे आकर्षण वाटले यात गैर काही नाही, कारण मोटारीचे रूप पुष्कळ वेळा तिचे काम सांगते. बोलेरोच्या पिकअपला पुढे बॉनेट आहे. हा घाट जीपच्या परंपरेतला. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपच्या जुळणीपासूनच मोटारीचा धंदा सुरू केला. बॉनेट असले की इंजिन उभ्याने तपासता येते आणि समोरून धडक बसल्यास माणूस व धडक यांमध्ये थोडे अंतर राहते. उलट एस, इंट्रा किंवा सुपर कॅरी या गाड्यांत इंजिन आसनाखाली असते. त्यामुळे एकूण लांबी थोडी असूनही हौद्यास जागा जास्त मिळते व गाडी अरुंद गल्लीत वळते. शिवाररस्ता कच्चा व चढाचा असेल तर पहिला घाट, आणि बाजारपेठ दाटीची असेल तर दुसरा घाट पसंत करणे इष्ट.

दुहेरी केबिनचे मात्र वेगळे आहे. मागचे आसन जेवढी जागा घेते तेवढा हौदा आखूड होतो आणि जेवढे लोखंड व जेवढी माणसे वाढतात तेवढा माल घटतो. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स या गाड्या दिसावयास भारदस्त आहेत, पण व्ही-क्रॉसचा हौदा जेमतेम पाच फुटांचा. ती हौशी प्रवाशाची गाडी आहे. तीत कांदा भरणे म्हणजे शर्यतीच्या बैलास मोटेला जुंपणे होय. हौसेने पुढे बसविलेले जाड लोखंडी गार्डही टाळावे. ते भारातून वजा होते ते होतेच, शिवाय अशा गार्डवर कारवाई करण्याविषयी केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविलेले आहे.

रूपातील ज्या गोष्टी खरोखर पाहाव्यात त्या जाहिरातीत क्वचितच दिसतात. हौद्याचा तळ जमिनीपासून किती उंच आहे? वीस किलोंचा क्रेट दिवसातून साठ वेळा उचलणाऱ्या स्त्रीस किंवा पुरुषास अर्ध्या फुटाचा फरक कंबरेत जाणवतो. फाळके तिन्ही बाजूंनी उघडतात काय? दोर बांधण्यास पुरेसे आकडे आहेत काय?

मर्यादेबाहेर भार घातल्याने काय होते, हे गाडीवान मंडळींस समजावणे सोपे आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर ती उलाळ होते. पिकअपमध्येही मागील आसाच्या मागे वजन गेले की पुढची चाके हलकी पडतात व स्टिअरिंग नीट ऐकत नाही. म्हणून जड माल केबिनच्या बाजूस भरावा. गावोगावचे कारागीर कमानपाट्यांत एखादा पाटा वाढवून देतात. त्याने गाडी बसलेली दिसत नाही एवढेच. ब्रेक, टायर व आस होते तेच राहतात. एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीचे एकूण वजन दुप्पट झाले तर ती थांबविताना ब्रेकमध्ये दुप्पट उष्णता निर्माण होते, आणि तापलेला ब्रेक नेमका उतारावर दगा देतो. कसारा घाटातून मुंबईस माल नेणाऱ्यांनी खालच्या गिअरमध्येच घाट उतरावा.

कायद्याचे थोडक्यात. जादा भारास वीस हजार रुपये दंड असून वरच्या प्रत्येक टनास आणखी दोन हजार रुपये पडतात. जादा माल उतरविण्याचा खर्चही मालकाच्याच माथी. माल बाजूंनी किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरीही दंड वीस हजारच आहे. भरलेले एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंत असलेल्या मालमोटारीस परवाना लागत नाही; दोन टन नेणाऱ्या गाड्या ही रेषा ओलांडतात, याचा विचार खरेदीपूर्वी व्हावा. चालकाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला असून हलक्या मोटारीच्या अनुज्ञप्तीवर ७,५०० किलोंपर्यंतची मालमोटार चालविता येते. मजुरांस मात्र मालाच्या हौद्यात बसवून नेऊ नये. ही चाल सर्वत्र आहे, आणि तरीही ती वाईट आहे. अपघात झाल्यास भरपाईचा प्रश्न त्या गरिबांच्याच जिवावर येतो.

गिरणाऱ्याच्या त्या कुटुंबाने शेवटी वहीत आकडे मांडले. ऐन तोडणीत त्यांचा रोजचा माल साठ क्रेटचा, म्हणजे १,३२० किलोंचा. दीड टनी गाडीत दोन माणसांसह तो एका खेपेत जातो. पाऊण टनी गाडीस दोन खेपा लागतात. पण अशी तोडणी फार दिवस चालत नाही, आणि कर्जाचा हप्ता तर बारमाही. थोरल्याचे म्हणणे पडले की लहान गाडी घेऊन गर्दीच्या दिवसांत दुसरी खेप भाड्याने करावी. धाकट्याने दाखवून दिले की शेजारच्या दोन मळ्यांचाही माल रोज त्याच वाटेने जातो व त्याचे भाडे आपणास मिळू शकेल. शेजाऱ्यांशी बोलणे झाले, त्यांनी होकार दिला. मग दीड टनाची, एकेरी केबिनची गाडी ठरली. रंग धाकट्याने निवडला.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाजाराच्या दिवशी एक प्रयोग अवश्य करून दाखवावा. नेहमीप्रमाणे भरलेली एक गाडी भुईकाट्यावर उभी करावी, तिच्या मालकाकडून नोंदणीपत्र मागून घ्यावे आणि दोन्ही आकडे खडूने फाळक्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. प्रयोगासाठी शक्यतो स्वतःची किंवा नातेवाइकाची गाडी घ्यावी, म्हणजे कोणास राग येणार नाही.