हाताच्या वळणाचे फॉन्ट

लग्नपत्रिका, बालवाडीची कार्यपत्रकं, हॉटेलातलं मेनूकार्ड, चित्रकथेतले संवादांचे फुगे: छापील अक्षराचा ताठा जिथे नको, तिथे हल्ली हस्ताक्षरी फॉन्ट हमखास येतो. तो निवडताना आपण एकेकटं अक्षर देखणं आहे का ते पाहतो. सबंध ओळ हाताने लिहिल्यासारखी वाटते का, हे बघायचं राहून जातं.

रोमन लिपीत हा पेच रॉजे एक्सकोफों या फ्रेंच आरेखकाने १९५३ मध्येच सोडवला होता. मार्सेयच्या ओलिव्ह फाउंड्रीसाठी त्याने स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ केला. धातूचे सुटे खिळे, तरी छापल्यावर अक्षरं एकमेकांचा हात धरलेली! पुढे १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कॉनेरला पडद्यावरचा कार्टून कुत्रा ‘टाइम्स न्यू रोमन’मध्ये बोलताना खटकला आणि ‘कॉमिक सॅन्स’ जन्मला. कुत्र्याच्या तोंडी तो शोभलाही असता. पण २०१२ मध्ये सर्नमध्ये हिग्ज बोसॉनविषयीचं सादरीकरण त्याच अक्षरांत झालं, तेव्हा त्याची भरपूर थट्टा झाली.

देवनागरीत मुख्य अडचण शिरोरेघेची. आपण बहुतेक जण आधी अक्षरं लिहितो, मग वरून रेघ ओढतो. घाईत ती तुटते, कलते, कुणाकुणाच्या पत्रांत तर नसतेच. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ घेऊनच येतं आणि शब्द जुळला की ती पट्टीने आखल्यासारखी सरळ होते. मोडी लिहिणारे आधी आडवी रेघ ओढत, मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला जोडत. त्या हिशेबाने हे फॉन्ट बाळबोधापेक्षा मोडीच्या चालीचे.

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ २०१४ चा. त्यातली देवनागरी लिपी रावल यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. तीन वजनांत, विनामूल्य मिळतो. अक्षरं चांगलीच तिरकी आणि रेषेची जाडी जवळजवळ सारखी. म्हणजे वळण बोरूचं नाही, साध्या पेनाचं. माझ्या मते तो चार-सहा ओळींच्या चिठ्ठीवजा मजकुरात खुलतो. मथळ्याएवढा मोठा केला, की तंतोतंत सारखे दोन ‘क’ शेजारी दिसतात आणि सोंग उघडं पडतं. मथळ्याला ‘यात्रा’ बरा. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतलाय आणि त्याला ब्रशचं वजन आहे. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे एकेक शीर्षक जसं नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे रेखाटत, ते मात्र कुठलाच फॉन्ट करू शकत नाही.

खरी कसोटी ऱ्हस्व वेलांटीची. ‘कि’ला पुरणारी कमान ‘स्त्रि’वर तोकडी पडते. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये या वेलांटीच्या कमी-जास्त रुंदीच्या आवृत्त्या असतात, स्वस्तातल्यात एकच. तेव्हा पत्रिका छापायला देण्याआधी निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘स्त्रियांच्या’, ‘दऱ्या’, ‘शाल’ एवढे तीन शब्द टाइप करून बघा. वेलांटी पोचत नसेल, ‘ऱ्य’ मोडत असेल किंवा मराठी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ मिळत नसतील, तर दुसरा फॉन्ट शोधा.