अणूंचं चित्र, पण फोटो नव्हे

लाइट गेलीय आणि तुम्हाला काडेपेटी हवीय. मग काय करता? ओट्यावरून हात फिरवता. हा डबा, ही कढई, ही काडेपेटी! स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे एसटीएम, साधारण हेच करतो. त्यात भिंग नाही. आहे ती धातूची सुई, जिच्या टोकाशी जमल्यास एकच अणू असतो.

फरक एवढाच, की ही सुई पदार्थाला टेकत नाही. मध्ये एक नॅनोमीटरहून कमी पोकळी असते आणि तरी इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात. हेच टनेलिंग. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं की करंट जवळपास दहापट घटतो, म्हणून एकेका अणूचा उंचवटाही कळतो.

१९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी हे साधलं. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत, बेडनोर्त्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये नव्या प्रकारचा सुपरकंडक्टर सापडला. तिथे इलेक्ट्रॉनच्या जोड्या नेमक्या कशामुळे जमतात, यावर आजही एकमत नाही.

हे कोडं सोडवायला नुसते अणू दिसून भागत नाही. इलेक्ट्रॉन काय करतायत ते हवं. त्यासाठी सुई एका जागी थांबवून व्होल्टेज बदलत जायचं. प्रत्येक व्होल्टेजला करंट किती वेगाने बदलतो, त्यावरून त्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनसाठी किती जागा आहे ते समजतं.

आणि इथेच थंडी लागते. एक तर अणू जागचे हलता कामा नयेत. पण मोठं कारण वेगळंच आहे: उष्णतेमुळे ऊर्जेचं मोजमाप पुसट होतं. खोलीच्या तापमानाला हा पुसटपणा सुमारे ९० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. द्रव हेलियमच्या उणे २६९ अंशांना जेमतेम १. आपल्याला हव्या त्या खुणा बऱ्याचदा काही दहा मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, कधी त्याहूनही बारीक असतात.

बिस्मथ असलेला असाच एक सुपरकंडक्टर घ्या. निर्वात पेटीत त्याचा वरचा थर पापुद्र्यासारखा उचकटतात, म्हणजे आतला पृष्ठभाग स्वच्छ मिळतो. जोड्या जमल्या की ठरावीक ऊर्जांना इलेक्ट्रॉनसाठी जागा फार कमी उरते. याला गॅप म्हणतात. संपूर्ण तुकडा एकदम मोजला तर सरासरी मिळते. एसटीएमने जागोजागी मोजल्यावर दिसलं, की काही नॅनोमीटरवरच हा गॅप बदलतो! एकसारखा वाटणारा स्फटिक इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा निघाला. आता जो कोणी सिद्धांत मांडेल, त्याला या ठिगळांचा हिशोब द्यावाच लागेल.

म्हणून पुढच्या वेळी एसटीएमचं चित्र बघाल, तेव्हा चकाकणारा प्रत्येक ठिपका म्हणजे उंच अणू असं धरून चालू नका. तिथे इलेक्ट्रॉनसाठी जागा जास्त असेल, एवढंच. आधी दोन प्रश्न विचारा: व्होल्टेज किती होतं? आणि तापमान?