फोनला हार्ड डिस्क जोडताय? आधी ‘फॉरमॅट’वरचं बोट उचला

एसटीच्या आवाजात ज्यांचा हा भाग अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी त्याचं हे लेखी रूप.

चिखलीच्या एका श्रोत्याचा प्रश्न आहे: “दादा, फोनमधली जागा संपली म्हणून घरातली हार्ड डिस्क ओटीजीने जोडली. कधी नुसती टिकटिक करते, कधी स्क्रीनवर फॉरमॅट करा म्हणते. काय करू?”

भाऊ, सगळ्यात आधी फॉरमॅट दाबू नको. त्या बटणाने डिस्क दुरुस्त होत नाही, ती नव्याने कोरी होते. आणि काही गोष्टी पुन्हा मिळत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. पुढे रंग ओसरला. तेव्हा काढलेला व्हिडिओ डिस्कवर असेल आणि तो पुसला गेला, तर परत कुठून आणणार? आजीच्या आवाजाचंही तसंच.

मग डिस्क दिसत का नाही? मी हे असं समजावतो: फोन यजमान, डिस्क पाहुणी. एरवी फोन कॉम्प्युटरला जोडला की तो स्वतः पाहुणा असतो. ओटीजी अडॅप्टर त्याला सांगतो, “आता तू यजमान.” यजमानाला तीन गोष्टी जमाव्या लागतात.

पहिली, जेवण. म्हणजे वीज. यूएसबी २.० चं पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतं, ३.० चं ९००. आयफोन १५ बाहेरच्या वस्तूला जास्तीत जास्त ४.५ वॅट देतो. पेन ड्राइव्हचं त्यात भागतं. पण फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये मोटर असते आणि सुरू होताना ती जास्त वीज ओढते. वीज पुरली नाही की डिस्क फिरायला जाते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. टिकटिकीचं हे एक नेहमीचं कारण. उपाय म्हणजे स्वतःचा चार्जर असलेला यूएसबी हब. त्यावरही टिकटिक थांबली नाही तर डिस्कच खराब असू शकते. मग तिला सतत चालू-बंद करू नका, जाणकाराला दाखवा.

दुसरी, भाषा. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या याच्या पद्धती असतात: फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस. विंडोजवर वापरलेली डिस्क बहुतेक वेळा एनटीएफएस असते आणि ती अनेक अँड्रॉइड फोनना वाचता येत नाही. फोनला भाषा कळत नाही, म्हणून तो म्हणतो फॉरमॅट करा. तीच डिस्क कॉम्प्युटरवर व्यवस्थित उघडू शकते! म्हणून आधी तिथे लावून बघा, माल दुसरीकडे कॉपी करा आणि मगच ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ का नको? त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. फोरके व्हिडिओ मिनिटाला ३५० एमबी धरला, तर १२ मिनिटांचं चित्रीकरणच ती मर्यादा ओलांडतं. लग्नाचा व्हिडिओ मध्येच कॉपी व्हायचा थांबतो, तो बऱ्याचदा याचमुळे.

तिसरी, रस्ता. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. टाइप-सी दिसली म्हणून केबल वेगवान असेलच असंही नाही. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात ३५ मिळाला तर ६४ जीबी कॉपी करायला अर्धा तास जातो. यूएसबी ३.० फोन आणि चांगली एसएसडी असेल तर तेच काम तीन-चार मिनिटांत होतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. शिवाय कॉपी झाल्याचं दिसलं तरी लगेच वायर ओढू नका. शेवटचा काही डेटा अजून फोनच्या मेमरीत लिहिला जायची वाट बघत असू शकतो. ‘इजेक्ट’ करा, मग काढा.

म्हणजे क्रम असा: ओटीजी सेटिंग, केबल, वीज, मग भाषा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, तेही दुसरी प्रत उघडून पाहिल्यावरच. आणि फोनमधून डिस्कवर हलवून फोनमधलं पुसलं, तर तो बॅकअप नाही बरं का! प्रत तेव्हाही एकच राहते, फक्त तिची जागा बदलते. किमान दोन ठिकाणी ठेवा.

कोणाच्या फोनवर कोणती डिस्क चालली, कोणती अडली, ते मॉडेलच्या नावासकट कळवा. पुढच्या भागात मेमरी कार्डाबद्दल बोलू. भेटूच!