टेबलावरचा संगणक हातात आला, हिशोब कुणाच्या हातात?



ग्रामसंघाच्या बैठकीत सध्या दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "सगळं मोबाईलवर भरायचं म्हणताय, मग वही कशाला लिहायची?" आणि दुसरं, "आम्हाला त्यातलं काय कळतंय, सीआरपी ताई भरतील की!" या दोन्हींचं उत्तर शोधायचं तर जुना संगणक कसा होता ते आधी बघूया. तुमच्यापैकी कित्येकींनी तो पतसंस्थेत, दूध डेअरीत नाहीतर कारखान्याच्या गट ऑफिसात पाहिलाय.

जुना संगणक कसा चालायचा?

अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं १९८१ साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर विकायला काढला. आपल्याकडे गावापर्यंत संगणक यायला नव्वदचं दशक उजाडलं. टीव्हीसारखा जाडजूड मॉनिटर, शेजारी पत्र्याचा डबा, पुढे कीबोर्ड आणि वर धुळीसाठी कापडी कव्हर. चपला बाहेर काढून आत जायचं. हात लावायचा तो ऑपरेटरनंच.

संगणकात दोन जागा असतात. एक मेमरी, म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असेपर्यंत सामान ओट्यावर. दुसरी हार्ड डिस्क, म्हणजे धान्याची कणगी. तिथं ठेवलेलं टिकतं. ऑपरेटरनं मध्ये मध्ये "सेव्ह" केलं नाही आणि लाइट गेली, की ओट्यावरचं सगळं गेलं. भारनियमनाच्या दिवसांत असं किती वेळा व्हायचं, ते तेव्हा ऑफिसात काम केलेल्या कुणालाही विचारा.

माहिती एका ऑफिसातून दुसरीकडे न्यायची तर फ्लॉपी लागायची. तळहाताएवढी चौकोनी चकती, तिच्यात १.४४ एमबी मावायचं. आज तुम्ही बैठकीचा एक फोटो काढता तो बऱ्याचदा ३ एमबीचा असतो. म्हणजे दोन फ्लॉपीतही तो एक फोटो मावला नसता!

मराठीची तर वेगळीच कथा. एका संगणकावर टाईप केलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं, आणि तिथं तोच फॉन्ट नसला, की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसायची. पुढं युनिकोड आलं. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. म्हणून आज तुमचा मराठी मेसेज पाटणहून पाठवला तरी जतला जसाच्या तसा वाचता येतो.

वारणाकाठी काय झालं?

हे लांबचं नाही. १९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी "वायर्ड व्हिलेज" नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक बसवायचा आणि तो कारखान्याशी जोडायचा. उसाची नोंद, तोडणी, वजन अशी माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, बाजारभाव आणि इतर माहितीही मिळावी, असा विचार होता.

प्रत्यक्षात त्या संगणकावर मुख्यतः ऊसाचंच काम होत राहिलं. बाकीच्या बऱ्याच सोयी पडून राहिल्या. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं एक प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरला. संगणकावरची सगळी कामं मोबाईलवर झाली. शेतकऱ्यांनाही ते जास्त सोयीचं वाटलं. सगळ्या गावांत असं केलं तर कारखान्याचे वर्षाला सुमारे १० लाख रुपये वाचतील, असा त्यांचा हिशोब निघाला.

यातून काय घ्यायचं? यंत्र मोठं, महाग असलं म्हणजे ते कामाचं असतंच असं नाही. स्वतःची माहिती स्वतःला बघता आली की माणूस यंत्र वापरतो.

आजचा फोन किती पुढं गेला?

१९९८ च्या सुमाराच्या संगणकात साधारण ३२ एमबी मेमरी असायची. आज साध्या स्मार्टफोनमध्येही ४ जीबी असते, म्हणजे शंभर पटीहून मोठा ओटा. शिवाय कॅमेरा, बँक, रेडिओ, नकाशा सगळं त्याच्यातच. बॅटरी असल्यामुळं लाइट गेली म्हणून काम जात नाही.

पण काही गोष्टी अजून तशाच आहेत.

पहिली: जे भराल तेच निघेल. समजा एखाद्या ताईनं ५,००० रुपये कर्ज घेतलं आणि भरताना एक शून्य जास्त पडलं. फोन ५०,००० च दाखवणार. यंत्राला बेरीज चांगली येते, पण खरं काय ते त्याला माहीत नसतं. ते माहीत असतं गटाला आणि गटाच्या वहीला. पुढं बँकेकडं गटाचं कर्जप्रकरण गेलं की अशीच एक चुकीची नोंद आडवी येऊ शकते, आणि त्याचा त्रास सगळ्या गटाला होतो.

दुसरी: माहिती कणगीत पडली का ते बघावं लागतं. कोयनेच्या खोऱ्यात, चांदोलीकडं रेंज नसते. रेंज नसताना भरलेली माहिती बऱ्याच ॲपमध्ये फोनवरच थांबते. रेंजमध्ये येऊन ती पुढं पाठवली नाही आणि मध्येच फोन बिघडला, तर जुन्या लाइट गेल्यासारखंच होतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: हात कुणाचा? तेव्हा ऑपरेटरशिवाय पान हलायचं नाही. आज फोन आपल्या घरात आहे, पण तो मुलगा उघडतो, ओटीपी नातू सांगतो, नोंद सीआरपी ताई करतात. सीआरपी ताईंनी भरायला हरकत नाही, ते त्यांचं कामच आहे. पण भरलेलं बघणं हे सदस्याचं काम आहे.

"आम्ही शिकलेल्या नाही" असं म्हणून मागं राहू नका. आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला बँक निघाली, तेव्हा बायका अंगठा लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवानगी नाकारली होती. मग त्या बायका अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय ते. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. हिशोबाची अक्कल यंत्रात नव्हती, त्या बायकांच्या डोक्यात होती. ती तुमच्याही डोक्यात आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. आधी वही पूर्ण लिहा, मग वहीवरून मोबाईलवर भरा. वही बंद करायची नाही.

२. भरून झालं की बचत, कर्ज आणि बाकी हे तीन आकडे मोठ्यानं वाचायला सांगा. प्रत्येकीनं ते आपल्या पासबुकाशी ताडून बघा.

३. आधार, बँक पासबुक आणि गटाची नोंद, तिन्हीकडं आपलं नाव सारखंच आहे का ते तपासा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. फरक असेल तर लगेच सांगा, पैसे येण्याची वेळ आल्यावर नको.

४. रेंज नव्हती तर माहिती पुढं गेली का, हे पुढच्या बैठकीत आठवणीनं विचारा आणि इतिवृत्तात लिहा.

५. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही, आणि आम्हा संघाच्या कार्यकर्त्यांनाही नाही.

६. दर बैठकीत एका नव्या सदस्येनं स्वतःच्या हातानं स्वतःची नोंद उघडून बघायची. दहा जणींच्या गटात दहा बैठकांत सगळ्या तयार होतील.

आकडा जुळला नाही तर गप्प बसू नका. त्याच बैठकीत विचारा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि पासबुक घेऊन संघाच्या कार्यालयात या. आपण वही आणि मोबाईल शेजारी ठेवून बघू.