ड्रोन आणि कुजबुज

बैलबाजारातला रुमालाखालचा सौदा तुम्ही पाहिला असेल. भाव कुणाला कळत नाही. पण सौदा चाललाय, हे साऱ्या बाजाराला दिसतं. सांकेतिक भाषेतल्या बिनतारी संदेशाचंही असंच आहे. मजकूर उलगडला नाही तरी लहरी पकडता येतात आणि पाठवणाऱ्याचा ठिकाणा लागतो. युद्धभूमीवर तेवढंही जिवावर बेततं.

मग बोलणंच लपवायचं कसं? गोंगाटात कुजबुजून! संदेश इतका क्षीण ठेवायचा, की टेहळणाऱ्याला ती नेहमीची खरखरच वाटावी. पण कुजबुज दूर पोहोचत नाही. म्हणून ऐकणारा कानच जवळ न्यायचा. तो कान म्हणजे ड्रोन. मोकळ्या हवेत अंतर निम्मं झालं, की पाव शक्ती पुरते.

यालाही मर्यादा आहे. टेहळणाऱ्याला खरखरीची पातळी नेमकी ठाऊक असेल, तर १०० पट वेळ घेऊनही माहिती १० पटच लपवून पाठवता येते, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गणितानं दाखवलं. शिवाय ड्रोन एकाच जागी घोंगावत राहिला, तर तोच चुगली करतो.

तेव्हा जीव जपायचा तर बोलणाऱ्यानं थोडकं बोलावं आणि ऐकणाऱ्यानं जवळ येऊन, ऐकून, लगेच निघून जावं.